पुलाच्या गर्डरसाठी एम-७० स्वयंसंघनित काँक्रीट कसे तयार करावे?

तुमचा प्रश्न मी असा समजलो. पूर्वताणित, म्हणजे केबल ताणून आधीच दाबात ठेवलेल्या गर्डरसाठी एम-७० चे (२८ दिवसांत ७० मेगापास्कल ताकदीचे) स्वयंसंघनित काँक्रीट तयार करायचे आहे, म्हणजे व्हायब्रेटरशिवाय स्वतःच्या वजनाने पसरून भरणारे, आपण रोज ज्याला एससीसी म्हणतो ते. प्रयोगशाळेत स्लम्प फ्लो (शंकूतून सोडलेले काँक्रीट किती रुंद पसरते ते) ७०० मिमी मिळतो, ताकद मोजायचे २८ दिवसांचे क्यूबही चांगले आलेत. पण प्लांटवर तेच मिश्रण एका गाडीत घट्ट होते, दुसऱ्या गाडीत कडेला पाणी सोडते, आणि शटरिंग उघडल्यावर गर्डरच्या खालच्या फ्लँजच्या (रुंद तळभागाच्या) उतारावर हवेची छिद्रे दिसतात. मिश्रणातले रसायन म्हणजेच अ‍ॅडमिक्श्चर बदलावे की मिश्रण पहिल्यापासून करावे, असे तुम्ही विचारता.

आत्ता दोन्ही करू नका. आधी हे मिश्रण किती चुका पोटात घालते ते मोजा. पाणी-बाइंडर गुणोत्तर (बाइंडर म्हणजे सिमेंट आणि त्याच्या जोडीची पूड) ०.२८ च्या आसपास ठेवले की ७० ची ताकद येते. चांगले पीसीई (पॉलिकार्बोक्झिलेट), म्हणजे पाणी न वाढवता काँक्रीट वाहते करणारे, अ‍ॅडमिक्श्चर घातले की फ्लोही मिळतो. या दोन गोष्टी जमल्या की मिश्रण तयार झाले असे धरले जाते आणि काम तिथेच अर्धवट राहते. वाळूचा ओलावा एक टक्क्याने हलला, काँक्रीटचे तापमान सहा-सात अंशांनी चढले, गाडी पाऊण तास उभी राहिली, तरी ते काँक्रीट गर्डरच्या शेवटच्या कोपऱ्यात तसेच पोचते का? मिश्रण विकसित करायचे म्हणजे याचे उत्तर शोधायचे. अशा मिश्रणाला मी सोशिक मिश्रण म्हणतो आणि माझे पुढचे सगळे उत्तर त्याबद्दलच आहे.

एससीसीचा जन्मच व्हायब्रेशनवर भरवसा ठेवता येत नव्हता म्हणून झाला. कुशल कामगार कमी पडत होते, काँक्रीट नीट दाबले जात नव्हते आणि बांधकामे लवकर खराब होत होती. यावर उपाय म्हणून टोकियो विद्यापीठातल्या हाजिमे ओकामुरा यांनी १९८६ मध्ये ही कल्पना मांडली, आणि १९८८ मध्ये पहिले नमुना-मिश्रण तयार झाले. पुलांच्या कामात सगळे ज्याचा दाखला देतात तो आकाशी काइक्यो झुलता पूल १९९८ मध्ये खुला झाला. त्याचा मुख्य गाळा १,९९१ मीटरचा. त्याच्या दोन अँकरेजमध्ये (मुख्य केबल टोकाला धरून ठेवणाऱ्या ठोकळ्यांत) मिळून २,९०,००० घनमीटर काँक्रीट टाकले गेले, आणि एससीसीमुळे अँकरेजचे अडीच वर्षांचे काम दोन वर्षांत झाले. पण ते मिश्रण गर्डरसाठी नमुना म्हणून घेऊ नका. तिथे खडी ४० मिमीपर्यंतची होती आणि आकारमान प्रचंड. तुमच्या गर्डरचा वेब (मधला उभा भाग) दीड-दोनशे मिमीचा, त्यात केबलचा डक्ट म्हणजे नळी, दोन्ही बाजूंना रिंगा, आणि टोकाला केबल पकडणाऱ्या अँकरेजच्या मागे सळयांचे असे जाळे की सुई-व्हायब्रेटर आत जातच नाही. दोन्हीकडे नाव एससीसीच, पण गरजा अगदी वेगळ्या.

उच्च ताकद आणि स्वयंसंघनन या दोन मागण्या एकमेकींना मदतही करतात आणि अडवतातही. ताकदीसाठी बाइंडर जास्त आणि पाणी कमी लागते. एससीसीलाही पावडर (बाइंडर आणि वाळूतले तितकेच बारीक कण) जास्तच लागते, म्हणून तिथे दोघींचे जमते. अडचण पाण्यापाशी येते. २००५ च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांत नेहमीच्या एससीसीसाठी पाणी आणि पावडर यांचे आकारमानाने गुणोत्तर ०.८५ ते १.१० असे दिले आहे. एम-७० मध्ये ते त्याच्या खाली जाते.

हिशेब करून दाखवतो. सुरुवातीचे मिश्रण म्हणून मी एका घनमीटरला सिमेंट ४२० किलो, फ्लाय अ‍ॅश (कोळशाची बारीक राख) १०० किलो आणि सिलिका फ्यूम (अतिबारीक सिलिकेची पूड) ४० किलो घेईन. एकूण बाइंडर ५६० किलो. पाणी १५६ लिटर, म्हणजे गुणोत्तर ०.२८. पीसीई साधारण ६ किलो. १२.५ मिमी खालची खडी ८२४ किलो आणि वाळू ८९७ किलो. यात खडीची विशिष्ट घनता २.८, वाळूची २.७ आणि हवा दीड टक्का धरली आहे. तुमच्या मालाप्रमाणे आकडे हलतील. पेस्टचे, म्हणजे बाइंडर, पाणी आणि पीसीई मिळून आकारमान सुमारे ३५९ लिटर येते, खडीचे २९४ लिटर, आणि एकूण अ‍ॅग्रिगेटमध्ये वाळूचा वाटा वजनाने ५२ टक्के. हे सगळे त्या मार्गदर्शक तत्त्वांच्या नेहमीच्या मर्यादांत बसते. पण बाइंडरचे आकारमान १९७ लिटर आणि वाळूतल्या बारीक कणांचे सुमारे १० लिटर धरले, तर पाणी-पावडर गुणोत्तर ०.७५ येते. नेहमीच्या कक्षेच्या बरेच खाली.

याचा अर्थ असा की उच्च ताकदीच्या एससीसीत पहिला त्रास बहुधा सेग्रीगेशनचा (खडी वेगळी पडण्याचा) नसतो, चिकटपणाचा असतो. काँक्रीट शेवटी ७०० मिमीपर्यंत पसरते, पण मधासारखे, सावकाश. आत अडकलेली हवा वर यायला वेळ लागतो, आणि फ्लँजच्या उताराखाली पोचलेला बुडबुडा तिथेच शटरला चिकटून बसतो. तुमची छिद्रे बहुतेक यातूनच आली असावीत. नुसता स्लम्प फ्लो मोजला तर हे कळत नाही, कारण फ्लोचा व्यास किती पसरले ते सांगतो, किती वेगाने पसरले ते नाही. त्यासाठी टी-५०० (५०० मिमी पसरायला लागणारा वेळ) आणि व्ही-फनेल (व्ही आकाराचे नरसाळे रिकामे व्हायला लागणारा वेळ) आहेत. व्ही-फनेल ८ सेकंदांच्या आत रिकामे झाले तर काँक्रीट कमी चिकट, ९ ते २५ सेकंद लागले तर जास्त चिकट, अशी वर्गवारी आहे. एम-७० ला ८ सेकंद मागणे अवाजवी आहे. मी १० ते १५ वर समाधान मानतो. २० च्या वर गेले की गर्डरच्या पृष्ठभागावर ते दिसतेच.

चिकटपणा कमी करायला पाणी वाढवू नका, ताकद जाईल. पीसीईही वाढवू नका. जास्तीच्या पीसीईने काँक्रीट पसरते जास्त, पण चिकटपणा फारसा उतरत नाही, आणि एका मर्यादेनंतर ते अचानक फुटते: पेस्ट वर, खडी तळाला. उपाय पावडरमध्ये शोधा. सिमेंटचे कण ओबडधोबड असतात, फ्लाय अ‍ॅशचे गोल. सिमेंटचे ३०-४० किलो काढून तितकी फ्लाय अ‍ॅश घातली की व्ही-फनेलचा वेळ उतरलेला लगेच दिसतो. सिलिका फ्यूमबाबत मात्र हात आखडता घ्या. तिचे कण सिमेंटच्या कणापेक्षा साधारण शंभरपट लहान, पृष्ठफळ किलोला २०,००० चौरस मीटरच्या आसपास. थोड्या प्रमाणात ती सिमेंटच्या कणांमधल्या जागा भरून पेस्ट सुधारते, पण बाइंडरच्या ८-१० टक्क्यांपुढे पाणी आणि पीसीई दोन्ही खाऊ लागते. ताकद कमी पडेल या भीतीने सिलिका १२ टक्क्यांपर्यंत नेलेली मिश्रणे मी पाहिली आहेत. त्यांची ताकद आधीच पुरेशी होती. नुसता चिकटपणा वाढला.

लक्ष्य ताकदीचे गणित साधे आहे. प्रमाणित विचलन (क्यूबच्या निकालांतला चढउतार) ६ मेगापास्कल धरले तर ७० अधिक १.६५ गुणिले ६, म्हणजे जवळजवळ ८० मेगापास्कल. ट्रायलला ९५ येत असतील तर आनंद मानण्याआधी सिमेंट जास्त झाले आहे का ते बघा. जास्तीचे सिमेंट म्हणजे जास्त उष्णता, जास्त आकुंचन आणि जास्त चिकटपणा. मात्र फ्लाय अ‍ॅश किती वाढवायची याला गर्डरमध्ये वेगळा लगाम असतो. दोन-तीन दिवसांत केबल ताणायच्या असतील तर त्या वयाची ताकद डिझाइनमध्ये लिहिलेली असते. तेव्हा २८ दिवसांच्या आधी त्या वयाचे क्यूब बघा, आणि ते टाकीत न ठेवता गर्डरशेजारी, गर्डरच्याच तापमानात ठेवा.

आता अ‍ॅडमिक्श्चर. जुनी नॅफ्थलीनवर आधारलेली अ‍ॅडमिक्श्चर विद्युतभाराने कण दूर ढकलत. पीसीईच्या लांब शाखा कणांमध्ये प्रत्यक्ष जागा अडवून त्यांना वेगळे ठेवतात, म्हणूनच ०.२८ ला काँक्रीट वाहू शकते. पण प्रत्येक पीसीई प्रत्येक सिमेंटशी जमत नाही. सिमेंटमधला सी-थ्री-ए (ट्रायकॅल्शियम अ‍ॅल्युमिनेट), विरघळणारे सल्फेट, दळण, सगळ्याचा परिणाम होतो. म्हणून काँक्रीटच्या ट्रायलआधी नुसत्या पेस्टवर मार्श कोन करा, म्हणजे नरसाळ्यातून वाहायला लागणारा वेळ मोजा, ५ मिनिटांनी आणि ६० मिनिटांनी. मात्रा वाढवत नेली की एका बिंदूनंतर वाहण्याचा वेळ कमी व्हायचा थांबतो. तो संपृक्त बिंदू. काँक्रीटमधली मात्रा त्याच्या थोडी खालीच ठेवा, वर कधीही नाही. त्या बिंदूपाशी चाललेल्या मिश्रणात पाण्याचा लहानसा फरकही मोठा होऊन दिसतो. ५ आणि ६० मिनिटांच्या रेषांत फार अंतर असेल तर प्लांटवर गाड्या घट्ट होणारच. अशा वेळी अ‍ॅडमिक्श्चर बदलणे योग्य. तोपर्यंत ते बदलण्यात अर्थ नाही.

एक गोष्ट वारंवार सुटते: वाळूतली माती. पीसीईच्या शाखा काही प्रकारच्या चिकणमातीच्या थरांत शिरतात आणि तिथेच अडकतात. कृत्रिम वाळूत ७५ मायक्रॉनखालचे कण असणे एससीसीला उलट चांगले, पण ते दगडाचे पीठ हवे, माती नको. नुसती चाळणी हा फरक सांगत नाही. मिथिलीन ब्लू चाचणी सांगते. वाळूची नवी खेप आल्यावर पीसीई एकाएकी जास्त लागू लागले तर अ‍ॅडमिक्श्चरवाल्याला फोन करण्याआधी ही चाचणी करा.

आता सोशिकपणा कसा मोजायचा ते सांगतो, कारण बहुतेक ट्रायल अहवालांत नेमके हेच पान नसते. ठरलेले मिश्रण घ्या. बाकी सगळे तेच ठेवून पाणी ५ लिटरने आणि १० लिटरने वाढवा, तसेच ५ ने आणि १० ने कमी करा. मूळ मिश्रण धरून पाच बॅच होतात. प्रत्येकात स्लम्प फ्लो, टी-५००, व्ही-फनेल, जे-रिंग (सळयांच्या कड्यातून काँक्रीट जाते का) आणि चाळणी-सेग्रीगेशन (चाळणीतून किती पेस्ट गळते) मोजा, लगेच आणि ६० व ९० मिनिटांनी. माझा निकष असा: ५ लिटर इकडे-तिकडे झाल्यावर फ्लो ६५० ते ७५० च्या आत राहिला पाहिजे आणि चाळणीतून जाणारा भाग १५ टक्क्यांच्या वर जाता कामा नये. १० लिटर जास्त झाले तरी खडी तळाला बसलेली दिसू नये. मग हेच काँक्रीटच्या दोन तापमानांना करा, समजा २२ आणि ३२ अंशांना.

१० लिटरच का? वाळू ८९७ किलो आहे. तिच्या ओलाव्यात एक टक्क्याची चूक म्हणजे ९ लिटर पाणी. गुणोत्तर ०.२८ वरून ०.२९५ वर जाते. ताकदीत काही मेगापास्कलच जातात, पण फ्लोचे वागणे पार बदलते. आणि एक टक्क्याची चूक ही मोठी चूक नाही. ढिगाचा वरचा भाग वाळलेला आणि तळाचा ओला, तर लोडर कुठून उचलतो त्यावरही इतका फरक पडतो. तुमच्या एका गाडीत घट्ट आणि दुसरीत पाणी, याचे पहिले कारण मला इथेच दिसते. वाळू छपराखाली ठेवा, कास्टिंगच्या आदल्या दिवसापासून निथळू द्या, आणि ओलावा सकाळी एकदाच न मोजता दर दोन तासांनी मोजा. बिनमध्ये ओलावा मोजणारा सेन्सर असेल तर तो भट्टीत वाळवलेल्या नमुन्याशी ताडून घ्या. ज्याची पडताळणी झालेली नाही असा सेन्सर नसलेलाच बरा.

पाच बॅचच्या कसोटीत मिश्रण नापास झाले तर काय बदलायचे? पाणी वाढल्यावर फुटत असेल तर आधी पीसीईची मात्रा संपृक्त बिंदूपासून मागे घ्या, मग खडी २०-३० किलोने कमी करून तितकी वाळू वाढवा. तरी भागले नाही तर व्हीएमए, म्हणजे चिकटपणा सावरणारे अ‍ॅडमिक्श्चर, अगदी थोडे. ५६० किलो बाइंडरच्या मिश्रणात व्हीएमए सहसा लागत नाही. लागलेच तर ते विम्यासारखे वापरा, मिश्रणातला मूळ दोष झाकायला नको. पाणी कमी झाल्यावर एकदम आखडत असेल तर बाइंडरमध्ये सिलिका जास्त आहे किंवा पेस्टच कमी पडते आहे.

खडी १० ते १२.५ मिमी का, असेही विचारले जाते. डक्ट आणि शटर यांच्यातली मोकळी जागा बघा म्हणजे उत्तर मिळेल. शिवाय या ताकदीला भेग खडीतूनही जाते, आणि लहान खडीत आतले दोष कमी असतात. चपटी खडी मात्र घेऊ नका. ती रिंगांमध्ये आडवी अडकते आणि मागचे सगळे थांबवते.

प्लांटवरच्या बाबी. सिलिका फ्यूम दाबून गोळ्या केलेली येते. ती फुटायला खडीचा मार लागतो, म्हणून खडी, सिलिका आणि थोडे पाणी आधी फिरवा, मग सिमेंट, फ्लाय अ‍ॅश आणि वाळू, पीसीई बहुतांश पाणी गेल्यावर. मिक्सिंग साध्या काँक्रीटपेक्षा जास्त वेळ लागते. तीन मिनिटांच्या खाली मी जाऊ देत नाही. मिक्सरच्या मोटरचा अँपिअर मीटर बघत राहा. पीसीई कामाला लागले की काटा चढून मग उतरतो आणि एका जागी स्थिरावतो. तो स्थिर झाल्याशिवाय बॅच सोडायची नाही. दोन-चार दिवसांत ऑपरेटरला काट्यावरूनच कळू लागते की आज वाळू ओली आहे.

आणि गाडीचा ड्रम. धुतल्यावर ड्रममध्ये ५० लिटर पाणी राहिले आणि त्यात ६ घनमीटर काँक्रीट भरले, तर घनमीटरला ८ लिटर पाणी वाढले. साध्या एम-३० मध्ये हे खपून जाते. इथे खपत नाही. भरण्याआधी प्रत्येक गाडीने ड्रम उलटा फिरवून पूर्ण रिकामा करायचा, आणि ते बघायला एक माणूस उभा हवा. तुमच्या गाड्यांमधल्या फरकाचे हे दुसरे कारण असण्याची शक्यता बरीच आहे, कारण धुतलेली गाडी आणि न धुता फिरलेली गाडी यांच्यातला फरक असाच दिसतो.

साइटवर प्रत्येक गाडीचा स्लम्प फ्लो घ्या, आणि व्यास मोजून झाल्यावर लगेच प्लेट धुऊ नका. खाली बसून कड बघा. चांगल्या एससीसीत खडी अगदी कडेपर्यंत गेलेली असते आणि कड फुगीर, जाड दिसते. कडेला सेंटिमीटरभर रुंद, नुसत्या पेस्टची चकचकीत किनार दिसली आणि मधोमध खडीचा उंचवटा राहिला, तर व्यास ७०० असला तरी ती गाडी घेऊ नका. किनारीच्याही बाहेर स्वच्छ पाण्याची रेघ दिसली तर पाणी नक्कीच जास्त आहे. फ्लो कमी असेल तर ट्रायलमध्ये आजमावलेल्या मात्रेइतके पीसीई गाडीत घालून दोन-तीन मिनिटे वेगाने फिरवता येते. पाणी घालायचे नाही, एक बादलीसुद्धा नाही.

शटरिंगची रचना पूर्ण द्रवदाबासाठी करा. अडीच मीटर उंचीच्या गर्डरला तळाशी चौरस मीटरला सुमारे ६१ किलोन्यूटन, म्हणजे सहा टनांच्या वर. साध्या काँक्रीटचे शटर इथे फुगते, आणि सांध्यातून पेस्ट निघून गेली की मागे उरते ती खडी. पोकळ डक्ट आणि बॉक्स गर्डरचे आतले शटर काँक्रीटवर तरंगू पाहतात. त्यांना वर उचलले जाण्याविरुद्ध बांधा, नुसते टेकवून ठेवू नका. डक्ट दहा-पंधरा मिलिमीटर जरी वर सरकला तरी केबलचा मार्ग बदलतो.

काँक्रीट टाकताना पाइपचे तोंड काँक्रीटमध्ये बुडालेले ठेवा आणि एका जागेवरून दहा मीटरच्या पलीकडे वाहू देऊ नका. लांब वाहताना खडी मागे पडत जाते. खालच्या फ्लँजसाठी एक गोष्ट पक्की सांभाळा: वेबच्या एकाच बाजूने सोडा आणि दुसऱ्या बाजूच्या फ्लँजमधून काँक्रीट वर येताना दिसेपर्यंत थांबा. दोन्ही बाजूंनी एकदम सोडले तर मधली हवा उताराखाली कोंडली जाते. फ्लँज भरताना वेग कमी, वेबमध्ये आल्यावर वाढवा. शटरचे तेल पातळ आणि पुसून घेतलेले हवे. जाड तेलावर बुडबुडा चिकटतो. मात्र फार रेंगाळूही नका. एससीसी स्थिर राहिले की आतून जाळे धरते, आणि वरचा थर त्यात मिसळण्याऐवजी त्याच्यावरून घसरतो. दोन गाड्यांत अर्ध्या तासाचे अंतर पडले तर ती रेषा वेबवर दिसते, आणि ती फक्त दिसण्यापुरती असेल असे नाही. प्लांटपासून अंतर जास्त असेल तर कास्टिंग सुरू करण्याआधी दोन-तीन गाड्या साइटवर उभ्या असाव्यात.

अँकरेजच्या जाड भागात तापमान बघा. १०० किलो सिमेंटमागे ढोबळ १० ते १२ अंशांची वाढ धरतात. ४२० किलोला ४२ ते ५० अंश, शिवाय फ्लाय अ‍ॅश आणि सिलिकाचा वाटा. काँक्रीट ३० अंशांना टाकले तर गाभा सत्तरच्या पुढे जाऊ शकतो, आणि सत्तरच्या वर उशिराने एट्रिंगाइट (आतून फुगणारे स्फटिक) तयार होऊन काही वर्षांनी भेगा पडण्याचा धोका असतो. म्हणून थंड पाणी किंवा बर्फ वापरून टाकतानाचे तापमान उतरवा. गाभा आणि पृष्ठभाग यांत २० अंशांपेक्षा जास्त फरक पडू देऊ नका.

या काँक्रीटला ब्लीडिंग (पाणी वर येणे) जवळजवळ नसते. वरचा पृष्ठभाग वाऱ्यावर काही मिनिटांत सुकतो आणि काँक्रीट मऊ असतानाच भेगा पडतात. फिनिशिंग होताच प्लास्टिकने झाका किंवा पाण्याचे धुके मारा. घट्ट होईपर्यंत थांबून मग ओले करणे इथे चालत नाही. शिवाय गुणोत्तर ०.४ च्या खाली गेले की सिमेंट आतलेच पाणी शोषत जाते आणि काँक्रीट बाहेर न सुकताही आकुंचन पावते. बाहेरचे पाणी फार खोल पोचत नाही, तरी पहिल्या दिवसापासूनचे ओले क्युरिंग पृष्ठभाग वाचवते.

डिझाइनरला एक आकडा आवर्जून कळवा: प्रत्यक्ष मोजलेला लवचिकता गुणांक, म्हणजे काँक्रीट भाराखाली किती ताठ राहते ते. ५००० गुणिले वर्गमूळ एफसीके (एफसीके म्हणजे ठरलेली ताकद, इथे ७०) या सूत्राने ७० ला ४१.८ गिगापास्कल येतात. युरोकोडच्या धर्तीच्या सूत्राने, सरासरी ताकद ८० धरून आणि क्वार्टझाइट खडीसाठी, ३८ च्या आसपास. खडीच्या दगडाप्रमाणे तो आणखी बदलतो. बेसॉल्टला वाढतो, चुनखडीला घटतो. एससीसीत खडीच कमी असल्यामुळे तो आणखी खाली येऊ शकतो. पूर्वताणाची घट आणि गर्डरचा कँबर (वरच्या दिशेचा बाक) या आकड्यावर ठरतात, आणि शेजारी-शेजारी बसवलेल्या गर्डरांचे कँबर जुळले नाहीत तर स्लॅबची जाडी सांभाळताना नाकी नऊ येतात.

क्यूब भरताना ठोकू नका, व्हायब्रेटही करू नका. एकदाच भरून वर सपाट करा. आणि क्यूब फोडायचे मशीन बघा. १५० मिमीचा क्यूब ८० मेगापास्कलला फुटायला १,८०० किलोन्यूटन लागतात. २,००० किलोन्यूटनचे मशीन तिथे शेवटाला आलेले असते आणि त्याची चौकट लवचिक असेल तर निकाल कमी येतो. ३,००० चे मशीन घ्या. क्यूबच्या बाजू सपाट आणि एकमेकींना काटकोनात आहेत ना, तेही तपासा. या ताकदीला थोडा वाकडेपणाही निकाल खाली ओढतो.

पाच बॅचची कसोटी पार पडल्यावर खऱ्या गर्डरआधी दोन-तीन मीटर लांबीचा पूर्ण उंचीचा तुकडा टाका, टोकाच्या ब्लॉकसह, खऱ्या सळया आणि डक्टसह, खऱ्या प्लांटवरून, खऱ्या पंपाने. शटर उघडून नुसते बघू नका. वर आणि तळाशी कोअर (कापून काढलेले दंडगोल नमुने) घ्या, कापलेल्या तोंडावर खडी मोजा, अँकरेजच्या मागचा भाग कापून बघा. खर्चिक वाटते, पण इतकी माहिती दुसरी कुठलीच चाचणी देत नाही.

राहिले तुमचे टाकून झालेले गर्डर. छिद्रे पाच-दहा मिलिमीटरची, उथळ आणि विखुरलेली असतील तर तो दिसण्याचा प्रश्न आहे. पृष्ठभाग खरवडून पॉलिमर मॉर्टरने भरता येतात. पण ती एका ओळीत असतील, डक्टच्या रेषेवर किंवा अँकरेजजवळ असतील, किंवा हातोडीने पोकळ आवाज येत असेल, तर काहीही भरण्याआधी अल्ट्रासॉनिक तपासणी करून डिझाइनरला दाखवा. केबल ताणायच्या बाकी असतील तर त्याचा निर्णय येईपर्यंत ताणू नका.